पत्रीचं कुंपण

माणसाचा राग शेजाऱ्यावर असतो, भावकीवर असतो, फार तर जावयावर असतो. चिमाजीअण्णांचा राग रस्त्यावर होता, कारण तो रुंद झाला होता. म्हसरूळच्या पुढे त्यांची कॉलनी. कुंभमेळ्याची कामं निघाली आणि बंगल्यासमोरचा गल्लीवजा रस्ता चांगला ऐसपैस झाला. कंपाउंडची भिंत सहा फूट आत आली आणि पुन्हा बांधली तेव्हा छातीइतकीच राहिली. आता ओट्यावर कोण बसलंय, दोरीवर काय वाळतंय, स्वयंपाकघराच्या खिडकीत कोण उभं आहे, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला लागलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यात काडीचा रस नव्हता, पण हे अण्णांना सांगणार कोण?

भिंत उंच करावी, तर लोक म्हणणार की अण्णांनी घराचा तुरुंग केला. लोक काय म्हणतील याची अण्णांना फार धास्ती. म्हणून त्यांनी ठरवलं, झाडांचं कुंपण करायचं. दिसायला शोभा आणि असायला आडोसा.

"सूनबाई, तुझं शिक्षण कधी कामाला येणार?" त्यांनी हर्षालीला हाक मारली.

हर्षाली कळवणकडची. शेतकऱ्याची मुलगी, कृषी पदवीला पहिल्या वर्गात पास झालेली. लग्नाआधी दोन वर्षं ती मखमलाबादला कुसाबाईंच्या रोपवाटिकेत कामाला होती. डोंगरातलं बी आणून रानातल्या झुडपांची रोपं करायची, हे तिथलं काम. लग्न झालं, नवरा संतोष चार महिन्यांत मस्कतला बांधकामाच्या साइटवर निघून गेला, आणि तेव्हापासून ती या घरात होती. होती म्हणजे होतीच. गेटला कायम कुलूप असायचं आणि त्याची किल्ली अण्णांच्या करदोट्याला. बाजारात जायचं तर अण्णा म्हणायचे, "थांब, मीच नेतो." माहेरी जायचं तर अण्णा म्हणायचे, "मीच सोडतो, मीच आणतो." देवळात जायचं तर सासूबाई सोबत आणि अण्णा चपलांपाशी. कुणी तिला मारत नव्हतं, कुणी टाकून बोलत नव्हतं. ताटात तूप पडत होतं. आईला फोनवर काही सांगायला जावं तर आई म्हणायची, "बाई, एवढी काळजी करणारं सासर कुणाला मिळतं?" त्यामुळे जीव घुसमटतो हे बोलायलासुद्धा तिच्याकडे जागा उरली नव्हती.

"करते की अण्णा," ती म्हणाली. मग धीर गोळा करून पुढचं बोलली. "पण कुंपण झालं की मला कुसाबाईंकडे कामाला जाऊ द्याल? त्यांचा सारखा फोन येतो."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आधी घर झाकलं जाऊ दे. कुंपण माणसाच्या उंचीचं झालं की मग खुशाल जा."

सासूबाई, म्हणजे लताबाई, तिथेच गवार मोडत होत्या. हर्षालीने त्यांच्याकडे साक्षीदारासारखं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि गवारीची शीर जरा जास्तच लांब ओढली.

अण्णांना हवा होता डुरांटा. समोरच्या बंगल्याला होता, पिवळाधमक, कापून चौकोनी केलेला. हर्षालीने सांगून पाहिलं की त्याला रोज पाणी लागेल, आपल्याकडची झुडपं एकदा जीव धरला की उन्हाळासुद्धा काढतात, त्यांच्यावर फुलपाखरं येतात, पाखरं येतात. अण्णांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. फुलपाखरं येऊन त्यांच्या घरात काय करणार होती?

मग तिला सुचलं. अण्णा रोज दीड तास पूजा करायचे आणि त्यातला अर्धा तास फुलांवरून कुरकुरायचे. श्रावण आला की पंचवटीच्या बाजारातून पत्री आणायचे आणि घरी येऊन एकेक काडी दाखवायचे, "हे बघा, गवत! देवाच्या नावाखाली नुसतं गवत बांधून देतात!"

"अण्णा," ती म्हणाली, "मी सांगते त्यातली निम्मी झुडपं पत्रीची आहेत. उरलेली औषधाची."

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली.

दोन दिवस यादी चालली. निर्गुडी, कारण ती सगळ्यांत झपाट्याने वाढते आणि जांभळ्या तुऱ्यांनी लवते. अडुळसा, कारण त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तगर आणि कण्हेर रोजच्या फुलांसाठी. भिंतीवर चढवायला जाई. लताबाईंनी एकदाच तोंड उघडलं, ते कोरांटीला. "दारात काटा नको. घरात भांडणं लागतात." मग हर्षालीने बिनकाट्याची जांभळी कोरांटी सुचवली. पांढऱ्या रुईलाही त्यांनी हरकत घेतली. चिकाचं झाड दाराशी नसावं. तेव्हा रुई पार कोपऱ्यात गेली. चीक कण्हेरीलाही असतो, पण ती देवाला चालते म्हणून तिचा चीक कुणी मोजत नाही. त्याच न्यायाने तगरही दारात बसली.

"आणि ही?" अण्णांनी यादीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"धायटी. माघ-फाल्गुनात लाल फुलते. आमच्याकडच्या डोंगरात असते."

"पत्रीची आहे?"

"नाही," हर्षाली म्हणाली. "माझ्यासाठी."

अण्णांनी एका रोपाची परवानगी दिली.

मृगात ते तिला स्कूटरवर मागे बसवून मखमलाबादला घेऊन गेले. कुसाबाईंनी रोपं काढून दिली, कलमाच्या कात्रीला धार लावून दिली आणि अण्णा टेम्पोवाल्याशी बोलत होते तेवढ्यात हळूच विचारलं, "कधी येतीस पोरी? माझे गुडघे आता ऐकत नाय."

"कुंपण माणसाएवढं झालं की."

कुसाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कुंपण झाल्यावं लोक दार लावत्यात गं. उघडीत नाय."

हर्षालीला ते आवडलं नाही. शब्द दिलाय अण्णांनी, ती मनात म्हणाली, आणि रोपं उचलायला लागली.

त्या वर्षी तिने जीव ओतून काम केलं. दुहेरी ओळीत, एक सोडून एक, मधल्या फटीवर मागचं झाड येईल अशी लागण केली. शेणखत, पालापाचोळा, वेळच्या वेळी शेंडा खुडणं, काही बाकी ठेवलं नाही. शेंडा खुडला की बाजूने दोन फांद्या फुटतात, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. दर रविवारी ती शिंप्याच्या टेपने उंची मोजायची. गुडघा. मांडी. कंबर. निर्गुडीने दिवाळीतच भिंत ओलांडली तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी शिरा केला.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी चहा ठेवताना तिने सवयीने खिडकीतून पाहिलं आणि तिला चुकल्यासारखं झालं. पाच मिनिटं तिला कळेचना की काय चुकलंय. मग कळलं. चामरलेण्यांचा डोंगर नव्हता. कालपर्यंत निर्गुडीच्या शेंड्यावर त्याचा माथा तरी दिसायचा. त्याआधी शाळेची व्हॅन गेली होती, त्याआधी संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या बायका. एकेक करून सगळं गेलं होतं आणि ती दर रविवारी टेप लावून ते मोजत बसली होती, वर शिरा करून. गॅसवर चहा उतू गेला. ती तिथेच ओट्याला धरून उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपल्याच हाताने आपण हे लावलं, आणि इतकं चांगलं लावलं!

फक्त एका जागी खिंड राहिली होती. गेटच्या उजव्या अंगाला लावलेली धायटी रुसल्यासारखी गुडघ्याएवढीच होती. डोंगरातलं झाड ते, त्याला घाई ठाऊक नाही. अण्णा येता-जाता म्हणायचे, "हे खिंडार बुजव. तिथेही निर्गुडी लाव." हर्षाली म्हणायची, "लावते," आणि लावायची नाही.

पुढचा मृग आला. निर्गुडी साडेसहा फूट झाली होती. हर्षालीने टेप घेतला, अण्णांना शेजारी उभं केलं आणि दाखवलं. "अण्णा, झालं. तुमच्यापेक्षा वर गेलं. आता मी कुसाबाईंकडे जाऊ ना?"

अण्णांनी कौतुकाने कुंपणावरून हात फिरवला. "वा! झकास झालंय. अगं, पण आता तर खरं काम आहे. छाटणी कोण करणार? पाणी कोण बघणार? तू गेलीस तर हे रान माजेल."

"तुम्ही म्हणाला होतात…"

"मी नाही कुठे म्हणतोय? जरा दमानं घे." आणि ते आत गेले, करदोट्याची किल्ली खुळखुळत.

तिने संतोषला फोन लावला. तिकडे मागे कसला तरी मिक्सर घरघरत होता. "अण्णांच्या कलानं घे ना गं," तो म्हणाला. "तुला तिथे काय कमी आहे?"

काय कमी आहे! या प्रश्नाला उत्तर असतं तर तिने कधीच दिलं असतं.

श्रावणात कुसाबाईंचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. "गणपती बसंपर्यंत वाट बघते, पोरी. मग दुसरी कुनी तरी बघावी लागंल मला. रोपं काय थांबत नाय." हर्षाली "हो" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं. माणसाला सवय होते ती अशी.

इकडे अण्णांचा भाव कॉलनीत वधारला होता. हिवाळ्यात शेजारच्या सरिताकाकूंना खोकल्यासाठी अडुळशाचा पाला हवा होता. अण्णांनी स्वतः पत्र्याच्या बंद गेटवरून हात उंचावून दिला. पावसाळ्यात कुणाचे सांधे धरले, निर्गुडीचा पाला अण्णांनी दिला. औषधाला आणि देवाला मागितलं तर नाही म्हणू नये, ही त्यांची शिकवण. आणि द्यायचं तर दोन वाक्यं जास्त बोलून द्यायचं, हा स्वभाव. श्रावणी सोमवारी सरिताकाकू कण्हेरीची फुलं न्यायला आल्या, तेव्हा अण्णांच्या अंगात कर्णच संचारला. "हरतालिकेची पत्री बाजारातून आणू नका. गवत देतात मेले. आमच्याकडून न्या, सगळ्या जणींना सांगा!"

बोलले आणि विसरले. बायका अशा गोष्टी विसरत नाहीत.

हरतालिकेच्या सकाळी अण्णा सोवळं नेसून देवघरात बसले. पूजा होईपर्यंत त्यांचं मौन असायचं. लताबाई वाळूची पिंडी करत होत्या. हर्षाली अंगणात दूर्वा खुडत होती. उद्या गणपती बसणार. आजचा दिवस गेला की कुसाबाईंचा विषय संपला, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात बाहेर बांगड्यांचा आणि चपलांचा आवाज झाला.

"अण्णाऽऽ! पत्री न्यायला आलोय!"

सरिताकाकूंचा आवाज होता, आणि त्यामागे बऱ्याच जणींची कुजबुज. हर्षाली कुंपणापाशी गेली. पलीकडचं काही दिसत नव्हतं. हिरव्या पानांमागे नुसते आवाज.

"अण्णा पूजेत आहेत," ती म्हणाली.

"कोण बोलतंय? दिसत नाही गं काही."

"मी हर्षाली. सून."

"अगं बाई! तू इथेच असतेस? आम्हाला वाटलं, तू मस्कतला गेलीस नवऱ्याकडे. वर्ष झालं की गं तुला बघून!"

हर्षालीच्या हातातल्या दूर्वा खाली पडल्या. ती रोज इथे होती. रोज या पानांच्या अलीकडे पाणी घालत होती, वीस पावलांवर. आणि या बायकांनी तिला कधीच परदेशी पाठवून दिलं होतं.

"बरं, गेट उघड ना. मुहूर्त टळेल."

"किल्ली अण्णांकडे आहे."

"मग घे ना मागून. घरातच आहेत ना?"

इथे हर्षालीला दहा गोष्टी सांगता आल्या असत्या. हरवली म्हणता आलं असतं, कुलूप गंजलंय म्हणता आलं असतं. सासरची अब्रू राखायची हेच तर तिला शिकवून पाठवलं होतं. तिने तोंड उघडलं ते यातलंच काही सांगायला.

"किल्ली ते मला देत नाहीत," ती म्हणाली. "कधीच दिली नाही."

मोठ्याने म्हणाली. तिला स्वतःलाच तिचा आवाज ओळखू आला नाही. आत देवघरातली घंटा थांबली.

अण्णा सोवळ्यानिशी बाहेर आले. पूजा तर मोडलीच होती. करदोट्याची किल्ली ओढून, वाकून, त्यांनी कुलूप काढलं. बाहेर चौदा बायका उभ्या होत्या, हिरव्या बांगड्या भरलेल्या, हातात परड्या, आणि सगळ्या अण्णांच्या पोटाशी लोंबणाऱ्या त्या किल्लीकडे पाहत होत्या.

"चोरांची भीती हो," अण्णा हसत म्हणाले.

"दिवसा?" सरिताकाकूंनी विचारलं.

अण्णा हसायचे थांबले. "हर्षाली, दे गं यांना काढून."

हर्षालीने सगळ्यांना पत्री काढून दिली. कण्हेर, जाई, रुई, जिला जे लागेल ते. एकीने विचारलं, "हे सगळं तू लावलंस? मग माझ्या दारात लावून देशील का गं?" दुसरी म्हणाली, "मलाही." तिसरीला नुसती तगर हवी होती.

सरिताकाकू अण्णांकडे वळल्या. "येऊ द्याल ना हिला आमच्याकडे?"

अण्णांनी चौदा चेहऱ्यांकडे पाहिलं. "म्हणजे काय! आमच्याकडे सुनेला कसलंच बंधन नाही." हे वाक्य ते गेली दोन वर्षं पाव्हण्यारावळ्यांसमोर म्हणत आले होते. आज पहिल्यांदा ते कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं.

बायका गेल्या आणि अण्णांचा बांध फुटला. "चारचौघांत शोभा केलीस माझी! उद्या गणपतीच्या पत्रीला आणखी येतील. काढून टाक ती पत्रीची झाडं. आत्ताच्या आत्ता!"

"कुठली काढू?" हर्षाली शांतपणे म्हणाली. "सगळंच पत्रीचं आणि औषधाचं आहे. तुम्हीच पसंत केलंत. काढायचं तर सगळं काढावं लागेल. आज, हरतालिकेला. कात्री आणू?"

अण्णांनी कुंपणाकडे पाहिलं. काढावं तर देवाच्या झाडाला गणपतीच्या आदल्या दिवशी कोयता, आणि घर पुन्हा उघडं. ठेवावं तर गाव दारात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चिमाजीअण्णा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या कंपाउंडमध्ये अडकले होते, आणि हर्षालीला त्यांची जराही दया आली नाही.

"लोक येत राहणार, अण्णा. दर वेळी तुम्ही पूजेतून उठणार का? किल्ली माझ्याकडे असू द्या."

अण्णांनी किल्ली मुठीत आवळली. तेव्हा दारातून लताबाई बोलल्या, वाळूने भरलेले हात तसेच धरून. "द्या तिला. माझ्या वेळी कुलूप नव्हतं, नुसतं 'कुठे निघालीस' होतं. तेवढ्यानंही भागलं तुमचं."

चाळीस वर्षांत त्या इतकं लांब वाक्य बोलल्या नसाव्यात. अण्णा करदोट्याची गाठ सोडायला लागले. जुनी गाठ, घामाने घट्ट झालेली, सुटेना. शेवटी हर्षालीनेच छाटणीची कात्री पुढे केली.

दुपारी पूजा आटोपल्यावर ती निघाली. उपास होता, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. "कुसाबाईंकडे जाऊन येते," तिने सांगितलं. अण्णा देवघरात पाठ करून बसले होते, त्यांनी वळून पाहिलं नाही. तिने कुलूप काढलं, गेट ओढून घेतलं आणि रुंद रस्ता एकटीने ओलांडला. पलीकडे पोचल्यावर तिला उगाच मागे वळून पाहावंसं वाटलं. तिला तिची खिडकी बघायची होती.

खिडकी दिसेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत निर्गुडी, अडुळसा, कोरांटी, बोट शिरायला जागा नाही. कामच तसं चोख केलं होतं. त्या खिडकीत उभी राहून ती आणखी वीस वर्षं जरी रस्ता बघत राहिली असती, तरी रस्त्याला पत्ता लागला नसता.

फक्त गेटशेजारी, धायटीच्या त्या खिंडीतून, अंगणाचा वीतभर तुकडा दिसत होता. तिथे लताबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि जरा वाकून बाहेर पाहत होत्या. हर्षालीने हात वर केला. लताबाईंनी आधी मागे, देवघराकडे वळून पाहिलं. मग त्यांनीही हात वर केला.